मुग्धाचा कम्प्यूटर

५ जुलै, शनिवार
फॅक्टरीतून आलो तर मुग्धा दारातच उभी. कॉलेजला कम्प्यूटर लागते म्हणाली. बीसीएचं पहिलं वर्ष. तयार नको, एकेक पार्ट निवडून जोडू. बजेटमध्ये अभ्यासही होईल अन् गेमही चालतील. सगळं हिंदीत; या हिंदी मुलखातच वाढलेली पोर. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत सांगते. मधलं बोलणं तिची आई, शोभाच करायची. ती गेल्यापासून बापलेकीत कामापुरतंच. आज मात्र चहा थंड होईपर्यंत बोललो.

८ जुलै, मंगळवार
मु.नं समजावलं. काही प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असते, वेगळं कार्ड लागत नाही. कार्ड घेतलं तर गेम मस्त चालतील, पण मग रॅममध्ये हात आखडावा लागेल. म्हटलं, सध्या बिनकार्डाचं घे, पुढं लावू. चालेल म्हणाली, पण मग वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, आताच चांगला घ्यायचा, नाही तर कार्डाला वीज पुरायची नाही. फॅक्टरीत मी वीजच पाहतो, अन् विजेचं मला शिकवून राहिली! त्यावर भांडलो, मग दोघंही हसलो. या घरात हसणं किती दिवसांनी...

१२ जुलै, शनिवार
आपल्याच शहरातल्या गोरखपूर बाजारात दोन दुकानं पाहिली. दुकानदार माझ्याकडेच पाहून सांगत होता. म्हटलं, भैया, इनको बताइए. मु.नं मदरबोर्डवर रॅमच्या जागा किती, एसएसडी कोणती, सगळं नीट विचारलं. येताना स्कूटरवर मागं बसून सारखी बोलत होती. अर्धं वाऱ्यात गेलं. मी आपला होय, होय.

१५ जुलै, मंगळवार
तिचं सगळं ठरलं. मीच म्हटलं, विजय नगरच्या दुकानांतही पाहून येऊ. गरज नव्हती.

१९ जुलै, शनिवार
विजय नगर. तेच पार्ट, भावही जवळपास तेच. तरी मी कॅबिनेट उलटसुलट करून पाहत बसलो. मु. हळूच म्हणाली, "बाबा, क्लासेस शुरू हो गए. अब और काहून देखना है?"
काहून. 'कशाला'साठी शोभाचा शब्द. तिच्या तोंडी मराठी एवढंच उरलं असेल.
घेऊन टाकलं सगळं.

२० जुलै, रविवार
जोडणी घरीच. टॉर्च मी धरला. प्रोसेसर तिनं दोनदा पुस्तिका पाहून बसवला. पहिल्यांदा स्क्रीन आलीच नाही, तिचा चेहरा उतरला. रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा दाबून बसवल्या, तेव्हा आली. तिनं माझा दंड घट्ट धरला. बराच वेळ सोडला नाही.

२५ जुलै, शुक्रवार
दार बंद, कानावर हेडफोन. जेवायला बोलावलं की "दो मिनट, बाबा." अभ्यासही करते, तक्रार नाही. यूपीएस घ्यायचा का विचारायला गेलो. म्हणाली, देख लेंगे. टीव्ही लावला, बंद केला. आता विचारायला काही पार्ट उरला नाही.

२ ऑगस्ट, शनिवार
संध्याकाळी पोहे केले. बशी घेऊन तिच्या खोलीशी गेलो तर आतून मराठी. वाटलं, कोणी आलं. मु.च होती. गेममधल्या कोण्या अमरावतीच्या मुलीशी बोलून राहिली होती. अडखळत, पण मराठीत. "माझी आई पण असंच बोलायची." मग दवाखान्याचं सांगू लागली. शेवटच्या दिवशी मी औषधं आणायला खाली गेलो होतो, तेव्हा शोभा तिच्याशी बोलली होती म्हणे. मला हे माहीतच नव्हतं. काय बोलली ते नीट ऐकू आलं नाही, मु.नं आवाज खाली आणला होता. पुढचं मात्र ऐकलं. "बाबांना नाही सांगितलं. ते रडतील."
ऐकायला नको होतं. पण पाय निघाला नाही.
दार वाजवलं. तिनं हेडफोन काढला, माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कसं दिसत होतं कोण जाणे. बशी टेबलावर ठेवून वळलो, तेवढ्यात म्हणाली, "बाबा, बसा ना."
पलंगाच्या कडेला बसलो. तिनं खुर्ची माझ्याकडे फिरवली. पोहे दोघांनी एकाच बशीतून खाल्ले. शोभा काय बोलली ते विचारलं मात्र नाही अजून.