मधल्या मापाची बंदूक

गुरुवार, १४ मे

चि. पिपालुक,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघे सकाळी कुरकुरतात, कॉफी पोटात गेली की गप्प बसतात. खाडीत बर्फ अजून आहे, पण टोकापाशी काळं पाणी दिसायला लागलंय. पाद्री आले नाहीत म्हणून रविवारी चर्चमध्ये वाचन मीच केलं. चौदा माणसं होती, त्यातली दोन झोपलेली. तुझ्या आईच्या क्रॉसला पांढरा रंग दिला. तुझ्या भावाच्या, इनुकच्या क्रॉसलाही दिला. रंग उरला होता.

मंगळवारी सकाळी मी काय केलं ते तुला सांगायचं आहे. प्रार्थना केली, कुत्र्यांना घातलं आणि दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. दोर्थेने दार उघडलं, मला ओलांडून बर्फात मीठ टाकलं आणि म्हणाली, "पीठ आत आहे रे, एसायास."

"पीठ नकोय."

मी आत जाऊन भिंतीवरच्या बंदुका बघत उभा राहिलो. ती गल्ल्याच्या मागे गेली, चष्मा नाकावर चढवला. "असा काय बघतोयस? मागणी घालायला आल्यासारखा."

"तू नाही म्हणालीस तेव्हापासून दुसरीकडेच बघतोय."

"मी नाही म्हणाले म्हणून तुझं भलं झालं. बोल, कोणती काढू?"

खरं म्हणजे मी कशासाठी गेलो होतो ते तुला माहीत नाही. तुझ्या लेकीने, इनुकने, मला पत्र लिहिलं आहे. तिच्यावर रागावू नकोस. शाळा सुटली की उन्हाळ्यात इकडे येऊन सीलची शिकार शिकायची, असं तिचं म्हणणं आहे. तू नाही म्हणालीस हेही तिने लिहिलंय, लपवलेलं नाही. पत्रात लोकरीचा एक निळा धागा घातला होता. मीच फोनवर मागितला होता तो. कोपराच्या वळणापासून बोटाच्या टोकापर्यंतचं माप. बंदुकीचा दस्ता तेवढाच लांब हवा, नाहीतर मान वाकडी होते आणि नेम चुकतो. धागा फार लहान आहे, पिपालुक. मी तो बायबलात ठेवलाय.

पत्राच्या सुरुवातीला तिने "बाबा" लिहिलंय आणि शेवटी "तुमचा मुलगा, इनुक". गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की तोच परत येतो, असं आपण मानतो. तिला त्याचं नाव दिलं त्या दिवसापासून ती माझा मुलगा आहे, आणि तू तिला भावासारखं "धाकट्या" म्हणतेस. वाचताना मला दर वेळी दार वाजल्यासारखं वाटतं.

दोर्थेने बंदुका काढून पिठाच्या पोत्यांवर मांडल्या. बावीसची, सगळ्यात लहान गोळीची, मी हातातही घेतली नाही. मोठी, तीसच्या मापाची, अस्वलाला आणि कस्तुरी बैलाला ठीक. लहान पोरीचा खांदा निखळेल, आणि सीलचं कातडं फाटून जाईल. मधल्या मापाच्या दोन होत्या. एक रशियन गोळीची, सगळ्यात स्वस्त. गोळी आत सारायचा बोल्ट जरा खरखरत होता, पण त्याचं एवढं काही नाही, वापरून गुळगुळीत होतो.

"ही घेऊ नकोस," दोर्थे म्हणाली. "हिच्या गोळ्या जहाजाबरोबर येतात आणि नोव्हेंबरात संपतात. गेल्या साली टोबियासने जूनपर्यंत ती भिंतीला लावून नुसती पुसली. बायकोपेक्षा जास्त पुसली."

दुसरी दोनशे तेवीसची. तिच्या गोळ्या आपल्या दुकानात बारा महिने असतात. नळी न गंजणाऱ्या पोलादाची, दस्ता प्लास्टिकचा. दिसायला कुरूप, पण खारट पाण्याला लाकडापेक्षा बरा. मी हातमोजे चढवून बोल्ट मागे ओढला, पुढे सारला. सरकला. सुरक्षेची कळ मोजा न काढता लागली, आवाज झाला नाही. हलकी होती. साठ-सत्तर पावलांवरून सीलच्या डोक्यात एक गोळी, आणि काम संपलं. प्राण्याला कळतही नाही. जवळ जावं लागत नाही.

मी ती खांद्याला लावली, खाली घेतली, परत लावली. दोर्थे बिस्किटांचे पुडे मांडत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "घरात आहे ना रे तुझ्या एक."

मी म्हणालो, "उद्या येतो." आणि बाहेर पडलो.

आता पुढचं लिहायला मला आजचा दिवस उजाडला. काल चार कागद जाळले.

इनुक सोळा वर्षांचा होता. तुला आठवत असेल, त्या वसंतात त्याने एकच धोशा लावला होता. बावीसची फार लहान पडते बाबा, आजोबांची फार मोठी, मला मधली घेऊन द्या. मी त्याला सगळ्यांसमोर चिडवायचो. आपल्याकडे पोरांना असंच वाढवतात, हसून हसून. "मी माझा पहिला सील बावीसनेच मारला. आधी उघड्या पाण्यात एक मारून आण, मग बोलू." माणसं हसायची. तोही हसायचा. कान तेवढे लाल व्हायचे.

बंदूक मी घेतलेली होती, पिपालुक. जूनच्या पहिल्या जहाजाने आली. दोनशे तेवीसची, लाकडी दस्त्याची, त्याच्या हाताच्या मापाची. दोर्थेला गप्प राहायला सांगितलं आणि पोटमाळ्यावर जुन्या जाळ्यांखाली ठेवली. मनात असं होतं की त्याने सील आणला की वस्तीतल्या प्रत्येक घरात त्याचं मांस वाटायचं, सगळ्यांना कॉफीला बोलवायचं आणि गर्दीत त्याच्या हातात ती द्यायची. त्याचं तोंड कसं होईल ते मी शंभरदा डोळ्यांपुढे आणलं होतं.

त्या जुलैत तू येणार होतीस. पोटात बाळ होतं. तू फोनवर आईला म्हणालीस, मला ताज्या सीलचं सूप हवं. इनुक तिथेच उभा होता. दुसऱ्या सकाळी तो बोट घेऊन एकटा गेला. बोट सापडली तेव्हा इंजिन बंद होतं. बावीसची तळाशी पडलेली, तिच्यातून एकच गोळी झाडलेली. हार्पूनच्या भाल्याची दोरी पाण्यात गेलेली. बावीसने नेम धरायला वीस पावलांवर जावं लागतं. सील मेला नसणार, नुसता घायाळ. तो बुडायच्या आत याने हार्पून मारला आणि दोरी पायात अडकून त्याला पाण्यात घेऊन गेली. हे मी बोट बघताक्षणीच वाचलं. मला वाचता येतं.

दफनानंतर कॉफीच्या वेळी तू भिंतीला टेकून बसली होतीस. दोन्ही हात पोटावर. म्हणालीस, "माझ्या जिभेने त्याला मारलं. मी सूप मागितलं नसतं तर तो गेला नसता." तुझी आई तुझ्याजवळ गेली. मी खिडकीशी होतो. मी ऐकलं. कप भरून घेतला आणि बाहेर कुत्र्यांकडे गेलो.

तुला जे माहीत नाही ते हे. तुझ्या सूपासाठी सील घरात होता. मी आदल्या शनिवारी मारून आणला होता, मागच्या खोपीत टांगला होता. इनुकनेच तो सोलायला मदत केली होती. त्याला पुरतं ठाऊक होतं की तुझ्यासाठी मांस आहे. तो तुझ्यासाठी गेला नाही. जाताना दारात मला म्हणाला, "आज आणतो, बाबा. बावीसनेच आणतो. मग बोलू." मी हसलो. "बोटीतून पडू नकोस म्हणजे झालं," असं म्हणालो.

बोट सापडली त्या संध्याकाळी मी ते सगळं मांस कुत्र्यांना घातलं. कोणी बघू नये म्हणून.

अकरा वर्षं तू या घरी येत नाहीस. आई गेली तेव्हा दोन दिवस आलीस, तेव्हाही पाण्याकडे पाठ करून बसलीस. नूकला इस्पितळात चादरी धुतेस, आणि सील पानात आला की ताट सरकवून देतेस, असं इनुकने लिहिलंय. मला हे सगळं कळत होतं. दर रविवारी मी लोकांसमोर उभा राहून देवाची वचनं वाचली. माझा आवाज कधी अडखळला नाही. देवाने मला क्षमा केली असेल का, हे मी त्याला विचारलं नाही, कारण आधी पोरीला सांग, असं तो म्हणाला असता.

मंगळवारी दुकानातून आलो आणि पोटमाळ्यावर चढलो. जाळी बाजूला केली. वाटलं होतं, गंजाचा गोळा असेल. अकरा वर्षं मी तिला हात लावला नव्हता.

ती गंजलेली नव्हती. नळीत तेल होतं. मी घेतली तेव्हा ती तेलकट कागदात होती. आता फ्लॅनेलच्या कापडात होती, पिवळी फुलं असलेल्या. ते कापड तुला आठवेल. तूच नूकहून आईला पाठवलं होतंस, झोपायचा सदरा शिवायला. इनुक जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

तुझ्या आईला माहीत होतं, पिपालुक. तिला कधी सापडली ते मला आता कळणार नाही. मी शिकारीला गेलो की ती शिडी लावून वर चढत असणार, बंदुकीला तेल लावत असणार, आणि मी परत आलो की कॉफी ओतत असणार. एक शब्द बोलली नाही. मी बोलेन म्हणून वाट बघत होती, की मला जपत होती? शेवटच्या आजारात एकदा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "वरची जाळी ओली होऊ देऊ नकोस." मला वाटलं, तापात बडबडतेय.



काल मी ती बर्फावर नेली. ऐंशी पावलांवर कॉफीचा डबा ठेवला आणि पाच गोळ्या झाडल्या. पहिल्या दोन डावीकडे गेल्या, मग बंदुकीवरची दुर्बीण सारखी केली. शेवटच्या तीन डब्यात. इनुकला पाचही मारता आल्या असत्या. मग घरी येऊन बायबलातला निळा धागा काढला, दस्त्यावर धरला आणि खूण केली. तिथून दस्ता कापायचा म्हणजे तो परत सोळा वर्षांच्या मुलाचा होणार नाही. करवत हातात घेऊन मी खूप वेळ बसलो. मग कापला. पडलेला लाकडाचा तुकडा खिशात आहे.

दोर्थेची ती कुरूप, न गंजणारी बंदूक खरं तर जास्त बरी होती. पण ती घेतली असती तर ही पोटमाळ्यावरच राहिली असती, आणि हे पत्र लिहिलं गेलं नसतं.

इनुकला तुझ्या परवानगीशिवाय मी इथे आणणार नाही. तिला मी काय उत्तर दिलं ते ऐक. "तुझ्या आईला विचार," एवढंच. तिला मी चिडवणार नाही. आधी मारून दाखव, असं आता कोणालाच म्हणणार नाही. ती शेजारी बसेल, दोरी मी माझ्या हातात ठेवेन, आणि दुरून झाडायला शिकवेन. पण हे तू ठरवायचंस. माझी ठरवायची पाळी मी वाया घालवली.

शिवाय हे वाचून तुला मला पुन्हा बघावंसं वाटणार नाही, असंही होईल. मी ते धरून चाललो आहे.

हे शेवटचं दुकानात उभं राहून लिहितोय. दोर्थे गुडघा दाखवायला नूकला निघाली आहे, हेलिकॉप्टर यायला तासभर आहे. मी बंदुकीचा बोल्ट काढला, पिवळ्या फुलांच्या कापडात गुंडाळला आणि बिस्किटांच्या डब्यात घातला. डबा आणि हे पत्र दोर्थे तुझ्या हातात देईल. बोल्टशिवाय बंदूक म्हणजे काठी. ती मी खाली आणून दाराशी खुंटीला लावली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. तू येणार असशील तर डबा घेऊन ये. नाहीतर नूकच्या धक्क्यावरून पाण्यात टाक. मी कधी विचारणार नाही.

दोर्थे म्हणतेय, "आण इकडे, किती लिहिशील, पोरगी वाचून म्हातारी होईल." तिचे डोळे लाल आहेत. डबा तिने पिशवीत तळाशी ठेवला. आता हा कागद देतो.

तू सूप मागितलंस यात काही चूक नव्हती, बाळ.

अकरा वर्षं आपलं ओझं तुझ्या पाठीवर ठेवून गप्प बसलेला,
तुझा आणि दोन्ही इनुकांचा बाप,
एसायास