फेज वनमधली रिकामी चाळ

५ जानेवारी, रविवार

नवीन वर्षाचा संकल्प. पाच दिवस उशीर झाला, पण पक्का आहे. या महिन्यात गेम पूर्ण करायचा. सव्वीसला सुट्टी, त्या दिवशी फायनल टेस्ट. फेब्रुवारीत पब्लिशर. एप्रिलपासून बहुधा मुलाखती.

मागचा गेम (पानिपत) पडला तो खेळाडूंमुळे. राहुल तिसऱ्या चालीला झोपला. ऑफिसात तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि तिथेही झोपतो, म्हणून मनाला लावून घेतलं नाही. पण त्याचा एक मुद्दा बरोबर होता. नकाशावर कुठलं गाव कुठे आहे हेच कळत नसेल तर माणूस लढणार कुठे? माहितीतली जागा घे, म्हणाला. ही कल्पना मला आधीच सुचली होती. बोललो नव्हतो इतकंच.

तर आता आपलाच एरिया. इकडे डिलाईल रोड, तिकडे लालबाग, मध्ये करी रोडचा पूल. चाळी म्हणजे किल्ले, गिरण्यांची कंपाउंडं म्हणजे मैदानं. नाव : ‘रणभूमी गिरणगाव’. नाव लिहिताना अंगावर काटा आला.

८ जानेवारी, बुधवार

नकाशा रंगात आला आहे. जेवायचं टेबल मी घेतलं. अनुजा ताट घेऊन पलंगावर बसते. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवते, तिला सहनशक्ती आहे.

युद्धाच्या खेळात सैन्यापेक्षा नकाशा महत्त्वाचा. हे माझं मत आहे आणि ते कुणीतरी छापायला हवं. प्रत्येक प्रदेशाला निदान दोन शेजारी हवेत, नाहीतर सैन्य अडकतं. आणि मध्ये एक मोकळी जागा हवी, म्हणजे पहिल्याच चालीला दोन सैन्यं एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत. बफर झोन.

बफर झोनसाठी आमच्या बिल्डिंगच्या समोरची हरी गोविंद चाळ घेतली. बरोबर मध्ये येते. तिला राखाडी रंग दिला आणि वर लिहिलं, ‘रिकामी’. खाली बाण काढून, ‘फेज १ : ताबा’. ‘आघाडी’, ‘चढाई’ असले शब्द राहुलला कळत नाहीत. फेज कळतं.

आमची बिल्डिंग राजधानी. बचावाला दोन गुण जास्त. हा पक्षपात नाही, आम्हाला लिफ्ट आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

लालबागला मोठी प्रिंट काढली. पहिलीत रंग बिघडले, ती दुकानातच टाकून दिली. दुसरी सुंदर. दुकानदाराने विचारलं, हे काय आहे? मी आवाज खाली आणून सांगितलं, कॉन्फिडेन्शियल प्रोजेक्ट आहे. आजकाल आयडिया चोरतात. त्यानेही आवाज खाली आणून विचारलं, बिल्डरचं का? मी फक्त हसलो. असं हसलं की माणूस पुढे विचारत नाही.

१२ जानेवारी, रविवार

पहिली टेस्ट. मी, राहुल, अनुजा. निकाल समाधानकारक.

एक किरकोळ गोष्ट. सगळ्यांना पुलावरूनच जावं लागतं, आणि पुलावर एका वेळी एकच सैन्य मावतं. त्यामुळे जेवणाची वेळ झाली तरी लढाई सुरू झाली नव्हती. राहुल म्हणाला, ही लढाई नाही, ही करी रोडची संध्याकाळ आहे. आणखी एक रस्ता काढ, म्हणाला. मी नाही म्हटलं. नकाशाचं सौंदर्य जातं. पण लालबागच्या बाजूला एक गल्ली होती, ती पार मेन रोडपर्यंत नेली. प्रत्यक्षात ती जाते की नाही माहीत नाही, पण दिसायला छान दिसते.

अनुजाने विचारलं, समोरची चाळ रिकामी का? तिथे माणसं राहतात. मी बफर झोन समजावून सांगितला. ती म्हणाली, ते कळलं, पण तिथे माणसं राहतात. तिला स्ट्रॅटेजी कळत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

खाली तिळगूळ वाटप. दौलत होता. हरी गोविंद चाळीच्या मंडळाचा अध्यक्ष, तीन टेम्पोंचा मालक, दारातून आत येताना तिरका होतो. सगळ्यांशी बोलत होता, पण हसत नव्हता. चाळीतली माणसं घोळक्याने उभी राहून मोबाइल बघत होती. मी गेलो तसं त्यांनी मोबाइल खाली केला.

काहीतरी शिजतंय. मी घाबरलो नाही. सावध झालो.

१५ जानेवारी, बुधवार

कळलं.

आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी चाळीच्या ग्रुपवरचा फोटो फॉरवर्ड केला. माझी बिघडलेली प्रिंट. खाली दौलतचा मेसेज : ‘आपली चाळ फेज १ मध्ये आहे. रिकामी लिहिलंय. हा नकाशा ज्याने काढला त्याला शोधून काढा. मला फक्त भेटायचंय.’

‘फक्त’ हा शब्द बराच वेळ वाचला.

उघड आहे. त्याच्या चाळीला बचावाचा एकही गुण दिला नाही, त्याचा राग. मंडळाची माणसं मानी असतात. शून्य द्यायला नको होतं. निदान एक द्यायला हवा होता.

अनुजा म्हणाली, जाऊन सांग ना, खेळ आहे म्हणून. मी म्हटलं, योग्य वेळी. तोंडाला कोरड पडली होती. दुपारी तिळगूळ जास्त खाल्ला, त्याने असेल.

१७ जानेवारी, शुक्रवार

डावपेच म्हणून माघार. दोन दिवस प्रभादेवीला नलूताईकडे आहे. ताईला सांगितलं, आमच्याकडे पाणी येत नाही. ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं. अनुजाला खरं सांगितलं. तिने माझा टॉवेल बॅगेत घातला.

टेम्पो वाजला की मी खिडकीपासून लांब होतो. प्रभादेवीत फार टेम्पो आहेत. आधी लक्षात आलं नव्हतं.

नवा प्लॅन : हरी गोविंद चाळीला बचावाचे सहा गुण. राजधानीपेक्षा जास्त. नवी प्रिंट काढायची, दौलतच्या हातात द्यायची. सन्मानाने तह.

१८ जानेवारी, शनिवार

नवी प्रिंट काढायला लालबागला गेलो. दुकानाबाहेर स्टुलावर दौलत बसला होता.

मी पळालो नाही. चालण्याचा वेग वाढवला. माझ्या नकाशावरची गल्ली डाव्या हाताला होती, तिच्यात शिरलो. मेन रोडवर निघून टॅक्सी करायची. गल्लीच्या टोकाला भिंत निघाली. भिंतीवर कुणीतरी ‘येथे गाडी लावू नये’ लिहिलं होतं. वळून बघतो तर दौलत गल्लीच्या तोंडाशी.

शेजारी मसाले कुटायचं दुकान होतं, त्यात घुसलो. मिरची चालू होती. पोत्यामागे उभा राहिलो आणि शिंका सुरू झाल्या. थांबेनात. डोळ्यांसमोर काही दिसेना. एवढंच कळलं की एक मोठी सावली आली, आणि आता मार बसणार म्हणून मी दोन्ही हात डोक्यावर घेतले.

हातात पाण्याची बाटली आली.

‘घ्या, डोळे धुवा,’ दौलत म्हणाला. ‘तुम्ही अनुजा मॅडमचे मिस्टर ना? माझी मुलगी त्यांच्या वर्गात होती. केव्हापासून हाक मारतोय, तुम्ही ऐकतच नाही.’

मी मान हलवली. बोलता येत नव्हतं.

‘तुम्ही शिकलेले आहात. हे जरा वाचून सांगा.’ त्याने मोबाइल पुढे धरला. माझा नकाशा. ‘बिल्डरचा प्लॅन आहे. आमची चाळ पहिल्या फेजमध्ये घेतलीय. समोर तुमची बिल्डिंग, तिथे प्लस टू लिहिलंय. म्हणजे तुम्हाला दोन मजले वाढवून देणार?’

मग तो बोलतच राहिला. मी ऐकत राहिलो. चाळीत कुणाला झोप नाही, म्हणाला. पिठाची गिरणी चालवणाऱ्या रमाबाई, सत्तरीच्या पुढच्या, त्यांनी भांडी बांधून ठेवली आहेत. कुडाळहून मुलाला बोलावून घेतलं. जेवत नाहीत. प्रिंट काढणारा माणूस गावाला गेलाय, पंचवीसला येणार, दुकानावर मेव्हणा आहे, त्याला काही माहीत नाही. ‘त्याने नाव सांगितलं की बघतो,’ दौलत म्हणाला. हे तो शांतपणे म्हणाला, ते जास्त वाईट.

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं. शिंक आली.

शिंकेनंतर मी म्हटलं, नकाशा गुंतागुंतीचा आहे, अभ्यास करावा लागेल.

दौलतला ते पटलं. सव्वीसला सत्यनारायण आहे, म्हणाला, पूजेनंतर मीटिंग घेतो, तुम्ही सगळ्यांना समजावून सांगा. माझा हात हातात घेऊन दाबला. हात अजून दुखतोय.

२० जानेवारी, सोमवार

घरी परतलो. आज सांगायचं ठरवलं होतं. पण दौलत टेम्पो घेऊन भिवंडीला गेला होता. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही. उद्या.

२१ जानेवारी, मंगळवार

दौलत होता. पण बरोबर चार माणसं होती. अशी गोष्ट एकट्याला सांगावी.

२२ जानेवारी, बुधवार

दौलत एकटा होता. पण एकटाच होता, आसपास कुणीच नव्हतं. तेही बरोबर वाटलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी दार वाजलं. मी बाथरूममध्ये गेलो. अनुजाने दार उघडलं. रमाबाई होत्या, हातात घावन्यांचा डबा. तीन जिने चढून आल्या. लिफ्टची भीती वाटते म्हणाल्या.

बाहेर यावं लागलं. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. दौलतने सांगितलं होतं, साहेब आपल्यासाठी नकाशाचा अभ्यास करतायत. मग म्हणाल्या, ‘झिला, माका खरा सांग. कधी जावचा लागतला?’

त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, ‘अजून वेळ आहे.’

रमाबाईंचा चेहरा उतरला. ‘म्हणजे जावचा लागतलाच,’ त्या म्हणाल्या, आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. हळूहळू जिना उतरून गेल्या.

अनुजा स्वयंपाकघरात गेली. भांडी घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता, आज भांडी फारशी नव्हती. मग बाहेर आली आणि म्हणाली, सव्वीसला तू नाही सांगितलंस तर मी सांगणार. मी म्हटलं, मीच सांगणार होतो. ती म्हणाली, मला माहीत आहे तू काय करणार होतास.

घावने छान होते. दोनच गेले.

२५ जानेवारी, शनिवार

प्रिंटवाला गावाहून आला असणार. फोन बंद करून ठेवला.

भाषण तयार आहे. आधी बोर्ड गेमचा इतिहास, मग नकाशाचं शास्त्र, बफर झोन का लागतो, आणि शेवटी ओघात, हा नकाशा माझा. लोक तोपर्यंत प्रभावित झालेले असतील. राहुलला फोनवर ऐकवायला फोन चालू केला. तो म्हणाला, शेवटचं वाक्य आधी घे. त्याला वक्तृत्व कळत नाही. तरी त्याला विचारलं, उद्या येशील का सोबत? तो म्हणाला, येतो. जागा राहीन, असंही म्हणाला.

फोन पुन्हा बंद.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन, मग पूजा. चाळीच्या पटांगणात सतरंज्या. मी सगळ्यात मागे, राहुल आणि अनुजाच्या मध्ये. प्रसादाचा शिरा हातात घेतला, खाल्ला नाही.

आरतीनंतर दौलतने माइक घेतला. प्रिंटवाला अजून गावाहून आला नाही, पण आपले साहेब नकाशा समजावून सांगतील, म्हणाला. टाळ्या झाल्या. मी पुढे गेलो. भाषणाचा कागद खिशात होता, हात खिशात जाईना.

पुढे रमाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारी त्यांचा मुलगा.

मी म्हटलं, हा खेळ आहे.

माइक चालू नव्हता. दौलतने तो चालू केला, माझ्या तोंडाशी धरला आणि विचारलं, काय म्हणालात?

‘हा खेळ आहे. मी काढलाय. युद्धाचा खेळ. बिल्डर कोणी नाही. दुकानात राहिलेली प्रिंट माझी होती.’

स्पीकरमधून माझा आवाज पटांगणभर गेला आणि भिंतीवरून परत आला. मग मागच्या रांगेतून एकजण हसला, मग आणखी दोघे. मोबाइल निघाले, फोटो मोठा करून बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, अरे फासे पण काढलेत कोपऱ्यात.

दौलत हसला नाही. मी डोळे मिटायच्या बेतात होतो.

‘आमची चाळ रिकामी का लिहिली?’ त्याने विचारलं.

बफर झोन, पहिली चाल, सैन्याची हालचाल, सगळं जिभेवर होतं. बाहेर आलं ते एवढंच : ‘खेळायला सोपं जावं म्हणून.’

तो माझ्याकडे बघत राहिला. ‘माझा जन्म इथला,’ म्हणाला. ‘दुसऱ्या मजल्यावर.’ मग माइक बंद केला आणि सतरंज्या उचलायला गेला.

बस्स. मार नाही. शिव्या नाहीत. बाहेर पडताना मी राहुलला म्हटलं, बघितलंस, मी घाबरलो नाही. त्याने माझ्या हातातला शिरा काढून घेतला. मुठीत पार चिकटला होता.

फायनल टेस्ट झाली नाही. कुणी विचारलंही नाही.

२७ जानेवारी, सोमवार

ऑफिसला जाण्याआधी रमाबाईंकडे गेलो. काल त्यांना माइकवरचं नीट ऐकू आलं नव्हतं असं अनुजाला वाटत होतं. तिने सांगितलं म्हणून गेलो असं नाही. मलाही जायचंच होतं.

गिरणी बंद होती. त्या आत पाटावर बसल्या होत्या. मी जमिनीवर बसून सगळं सावकाश सांगितलं. हा कागद खोटा आहे. मी रंगवलाय. फेज म्हणजे खेळातली पाळी. तुम्हाला कुणी काढत नाही. दोनदा सांगितलं. त्यांच्या मुलाने मालवणीत तिसऱ्यांदा सांगितलं.

रमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, बरा झाला सांगितलंस. मला एकदम हलकं वाटलं. उठून चपला घालत होतो.

तेव्हा त्यांनी विचारलं, ‘मगे खरो नकाशो कोणाकडे आसा?’

मी त्यांच्या मुलाकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

त्यांनी मान डोलावली. चहा घेऊन जा, म्हणाल्या. मी थांबलो. ऑफिसला उशीर झाला.