नावाला माझा विरोध

३ मार्च
नात अकरा दिवसांची झाली, अजून बिननावाची! सून मोबाईलवर यादी वाचते, मुलगा नापास करतो. आज एका नावाला म्हणाला, "शी! आजीबाईंचं वाटतं." समोरच आजीबाई शर्टाला बटणं लावत बसली होती.

४ मार्च
दुकानात तीन पँटी आखूड केल्या, एक चेन बदलली. नाव नाही.

६ मार्च
सुनेनं वाचलं — "कुहू. म्हणजे कोकिळेची साद." सुई बोटात घुसली.

ते माझं नाव आहे. बाबांनी ठेवलेलं. शाळेत घालताना हेडमास्तर म्हणाले, "हे काय नाव? पक्ष्याचा आवाज!" आणि आपल्या मनानं भलतंच लिहून मोकळे झाले. तेच चिकटलं. घरातही सगळे तेच म्हणू लागले, बाबा सोडून. बाबांना जाऊन बेचाळीस वर्षं झाली. मुलाला यातलं काही ठाऊक नाही.

तो म्हणतो कसा, "वा! एकदम मॉडर्न. छोटं, गोड, आणि कुणाचंच नसतं."

मी सांगितलं असतं तर तेही लगेच आजीबाईंचं झालं असतं. पण ती हाक मला पुन्हा ऐकायची आहे. फार ऐकायची आहे.

७ मार्च
मी नाक मुरडलं की सून हट्टाला पेटते, हा सहा वर्षांचा अनुभव. म्हणून म्हटलं, "असलं कसलं नाव! चारचौघांत हाक मारायची लाज वाटेल."

"आई, तुम्हाला नाही कळायचं. ऐकायला किती छान वाटतं!"

कळतं गं बाई.

८ मार्च
पुन्हा नाक मुरडलं. जरा जास्तच झालं बहुतेक — मुलगा म्हणाला, "आईला एवढं खटकत असेल तर राहू दे." मी बटण उलटंच लावलं! सून म्हणाली, "मुळीच नाही."

गुणाची पोर.

१० मार्च
जन्मदाखल्याचा अर्ज भरला, कुहू नावानं. दुपट्यावर नाव भरायचं काम माझ्या गळ्यात. कुरकुरत घेतलं. फार सुबक झालं आहे.

११ मार्च
मी मशीनवर होते. आतून सुनेनं लेकीला लाडानं हाक मारली — "कुहू!" आणि मी ओ दिली! चांगली खणखणीत — "ओ! आले!"

सून दारात आली. कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. पोर आत झोपली होती. तरी तिनं हळूच पुन्हा हाक मारली.


मी पुन्हा ओ दिली.