हिरव्या दिव्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारा शिंपी, वय एक्कावन्न, अविवाहित, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. यकृत नाही. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तपासलं आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या मर्जीने पुढील व्यवस्था करत आहे. आधीचं मृत्युपत्र नाही. करावं असं काही घडलंच नाही.

१. शिलाई मशीन, इस्त्री व दोन्ही कात्र्या माझ्याकडे काजं-बटणं करणाऱ्या बाईंना द्याव्यात. मोठ्या कात्रीने कागद कापू नये, हे त्यांना पुन्हा एकदा सांगावं.

२. बँकेत उरेल ते थोरल्या बहिणीला. मी तिची कधी विचारपूस केली नाही असं ती म्हणेल, ते खरं आहे. आत्तेबहिणीला काही नाही. का, ते तिला ठाऊक आहे.

३. कॉम्प्युटर व खेळायचे दोन कंट्रोलर धाकट्या भावाला. हे कलम लांबेल, माफी असावी.

दर रविवारी दुपारी आम्ही पडद्यावर गाड्यांची शर्यत लावायचो. नियम असा की जिंकणाऱ्याने कॉम्प्युटरवर हरणाऱ्याच्या कंट्रोलरला नाव द्यायचं, त्यावरच्या दिव्याचा रंग ठरवायचा आणि पुढच्या शर्यतीपर्यंत ते बदलायचं नाही. त्याने मला ‘ढापण्या’ केलं, ‘उसवलेला’ केलं, वर गुलाबी दिवा. त्याला हिरवा आवडायचा, म्हणून मी तो कधीच दिला नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्याची बायको त्याला सोडून गेली. आदल्या रविवारी मी जिंकलो होतो, नाव द्यायचं बाकी होतं, ते आता दिलं. वाटलं, हसेल, हलका होईल. रविवारी तो आला, त्याने कंट्रोलर चालू केला, लाल दिवा लागला आणि पडद्यावर आलं : ‘टाकलेला’ जोडला गेला आहे.

त्याने ते वाचलं. म्हणाला, “दादा, आज नको खेळूया.” कंट्रोलर टेबलावर नीट ठेवला आणि गेला.

पुन्हा शर्यत झाली नाही, म्हणून मी नाव बदललं नाही. नियमाचं निमित्त होतं. आधी ताठा होता, मग लाज. मागच्या वर्षी फोन केला. “चुकीचा नंबर लागलाय,” म्हणाला. आवाज त्याचाच होता.

आज नियम मोडला. त्याच्या कंट्रोलरला ‘बारक्या’ हे घरातलं नाव दिलं, दिवा हिरवा केला. ‘टाकलेला’ माझ्या कंट्रोलरला लावलं. तिथेच ते बसतं.

४. तो येणार नाही, हे मी जाणून आहे. शेजारच्या चष्मेवाल्यांनी तीन महिने वाट पाहावी, मग कलम ३ मधलं सगळं कोणालाही देऊन टाकावं. देण्यापूर्वी त्याचा कंट्रोलर एकदा चालू करावा आणि दिवा आपोआप विझेपर्यंत जवळ बसावं. एवढंच.

ठिकाण : दुकानामागची खोली
दिनांक : ९ मार्च, सोमवार
सही : शिंपी

आमच्या समक्ष सही केली.
साक्षीदार १ : डॉक्टरीणबाई
साक्षीदार २ : शेजारचा चष्मेवाला. दिवा हिरवाच लागतो, शिंप्यांनी माझ्याकडून दोनदा बघून घेतलं.