कमी धरलेली वस्ती

४ फेब्रुवारी, मंगळवार

शाळा नाही!

सकाळी ऑफिसच्या खालच्या हॉलमध्ये आराखड्याचा नकाशा लावला. भिंतभर. पुढच्या वीस वर्षांत या भागात घरं कुठे, कारखाने कुठे, दवाखाने कुठे, सगळं रंगांत. शाळेला पिवळा चौकोन. आमची वस्ती आधी शोधायची नाही असं ठरवलं होतं. तीच आधी शोधली. मैदान सापडलं, त्यावर करडा रंग. करडा म्हणजे ट्रकतळ. पिवळा चौकोन मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, नव्या कॉलनीत.

नकाशेबाई शेजारी चष्मा पुसत उभ्या होत्या. (तीस वर्षं नकाशे काढतायत, त्यांचं खरं नाव मस्टरलाच माहीत.) मी विचारलं, इथे हायस्कूल का नाही?

"वीस वर्षांनी पाच हजार माणसं भरत असतील तर हायस्कूलची जागा. ही वस्ती खाली राहिली. आकडे तुमच्याच टेबलावरून आले की, बाईसाहेब!"

माझ्याच टेबलावरून.

५ फेब्रुवारी, बुधवार

फाइल काढून तक्ता क्रमांक सात पाहिला. आशा होती की टाइप करताना काही झालं असेल. नाही. माझंच अक्षर.

बेचाळीस वस्त्या. प्रत्येकीसाठी तीन अंदाज काढायचे: कमी, मध्यम, जास्त. तिन्हींतला एक निवडायचा, पुढे कारण लिहायचं. एक्केचाळीस ठिकाणी मी मध्यम धरला. एकाच ठिकाणी कमी.

आमच्या वस्तीत आज ३,६५०. वीस वर्षांनी कमी ४,८२०, मध्यम ५,४२४, जास्त ५,९८१. मी ४,८२० वर खूण केली. कारण: 'विस्तारास वाव मर्यादित.'

हे वाक्य मी बनवलं. वाव मर्यादित! आमच्या गल्लीत दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर नवा मजला चढतो. वरच्या खोल्यांत भाडेकरू, एकेका खोलीत पाच जण. मोजणीला माणसं आली तेव्हा निम्मे कामावर होते, दारांना कुलपं. हे मला माहीत होतं. पण घरून माहीत होतं, कागदावरून नाही. म्हणून धरलं नाही.

नोव्हेंबरातला तो दिवस नीट आठवतो. कॅन्टीनमध्ये रस्तेविभागातले इंजिनियर मोठ्याने म्हणाले, "काय मोजणीबाई, स्वतःच्या वस्तीला विमानतळ टाकताय ना?" सगळे हसले. मीही हसले. मग वर येऊन खूण खाली सरकवली. हात हलका वाटला! कुणी बोट दाखवू शकणार नाही. त्या आकड्यावरून शाळा ठरते हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पण विचारलं असतं तर कळलं असतं. नकाशेबाई चार टेबलं सोडून बसतात.

मी प्रामाणिकपणा केला असं समजत होते. होती ती भीती.

९ फेब्रुवारी, रविवार

घरी जाऊन आले.

वर्तमानपत्रात छापलेला नकाशा बाबांनी कापून ठेवला होता. त्यांना वाचता येत नाही, पण रंग कळतात. मैदानाच्या करड्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे काय?" दादाने सांगितलं, ट्रक उभे राहणार. वहिनी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "बरंच आहे. पोरी बघतील ट्रक. दुसरं काय करायचंय त्यांना."

चिमणी, दादाची मुलगी, सातवीत आहे. वस्तीतली शाळा सातवीपर्यंतच. पुढची रस्त्यापलीकडे. त्या रस्त्याला सिग्नल नाही, पूल नाही. मला पाच वर्षं बाबांनी सायकलवरून पलीकडे नेलं. सकाळी सोडायचे, मग कामावर. बाबा गवंडी. माझ्यापायी रोज उशिरा पोचायचे आणि मुकादमाच्या शिव्या खायचे. आता त्यांचा गुडघा गेलाय. दादाची बस पहाटेच सुटते. चिमणीला कोण नेणार?

दुकानदारकाकाही येऊन बसले. "हरकत घ्यायची म्हणतात. महिनाभर मुदत आहे. फॉर्म आणलाय मी." मग माझ्याकडे पाहून हसले. "पण आपली पोरच तिथे बसलीय म्हटल्यावर आकडा बरोबरच असणार. आपण कशाला तिच्या हापिसात जाऊन तिला खाली बघायला लावायचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं — भरा तो फॉर्म.

मी म्हणाले, "आकडा नियमाप्रमाणे आहे."

बाबांनी विचारलं, "तू काढलास?"

"हो."

"मग ठीक."

काकांनी फॉर्म घडी करून ठेवला, त्यावर चहाचा कप. चिमणीने मला तिचं भूगोलाचं पुस्तक दाखवलं, त्यात नकाशा कसा वाचायचा हा धडा आहे. मी तिला समजावून सांगितला! छान समजावला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज दोन वेळा बेरीज चुकले. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नकाशेबाईंना सांगितलं. जिन्यात गाठून, एका दमात. त्यांनी मध्येच थांबवलं.

"थांब. म्हणजे आपल्या माणसांवर मेहेरबानी नको म्हणून त्यांच्यावर अन्याय केलास?"

"हो."

"धन्य आहेस बाई. लोक नातेवाइकांना प्लॉट देतात, तू काढून घेतलास."

मला हसू आलं आणि रडूही. मग त्या नीट बोलल्या. मुदत सहा मार्चपर्यंत. तोवर मीच दुरुस्तीची टिपणी साहेबांपुढे ठेवली तर आकडा बदलता येतो. मुदत संपली की आपण होऊन काही बदलता येत नाही. मग ज्यावर लोकांची हरकत आली असेल तेवढंच पुन्हा उघडतात.

"साहेबांना जाऊन सांग. खातात काय तुला?"

माझी नोकरी पंधरा मार्चला कायम व्हायची आहे. तोपर्यंत शेरा वाईट पडला तर घरी. हे त्यांना बोलले नाही. त्यांना ठाऊक असणारच. मला ठाऊक आहे हेच मला कबूल करवत नव्हतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांच्या केबिनमध्ये गेले. फाइल छातीशी धरून.

"बोला."

"सर, तक्ता क्रमांक सात…"

"छान झालाय. वरूनही कौतुक आलं. आणखी काही?"

"सर, त्याच्या दोन जादा प्रती काढू का?"

"काढा."

काढल्या. दोन प्रती. अजून टेबलावर पडल्यात, कुणालाच नको होत्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

घरी गेले नाही. काम आहे म्हणून कळवलं. काम नव्हतं. हॉस्टेलच्या खोलीत बसून टॉवेल धुतला. तोच दोनदा धुतला.

दुपारी वहिनीचा फोन. बोलली इकडचं तिकडचं. मग हळूच, "चिमणीला पुढच्या वर्षी घरीच ठेवू म्हणतात हे. तुम्ही समजावा ना जरा. तुमचं ऐकतात." मी म्हटलं, समजावते. मग ती म्हणाली, "तुम्ही शिकलात म्हणून मी हिच्या मागे लागते हो. नाहीतर मला काय कळतं."



आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलं नव्हतं. आजीला तर मी उलटं पुस्तक धरून वाचलं तरी पटायचं. चुकीला वाव नाही, असं मीच तेव्हापासून धरून बसले. चुकले तर सगळे म्हणतील, बघा, हिच्यावर एवढं केलं! कुणी कधी म्हणालं नाही असं. मीच म्हणत आले. आणि आता खरी चूक झाली तर ती सांगायचा सराव नाही.

१ मार्च, शनिवार

टिपणी लिहिली. अर्धं पान. चार वेळा फाडून पुन्हा लिहिली. पहिल्या खर्ड्यात 'अनवधानाने' लिहिलं होतं. ते खोटं, खोडलं. दुसऱ्यात 'उपलब्ध माहितीच्या आधारे'. तेही खोटं. शेवटी: 'सदर वस्ती माझी स्वतःची असल्याने, पक्षपाताचा आरोप टाळण्यासाठी मी जाणीवपूर्वक कमी अंदाज निवडला.' हे वाचून कागद उलटा करून ठेवला. पण खरं एवढंच आहे.

सोमवारी देणार.

३ मार्च, सोमवार

साहेब दौऱ्यावर. बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटली.

५ मार्च, बुधवार

साहेब आले. मी दोनदा दारापर्यंत गेले. नकाशेबाई चष्म्यावरून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मी गेले असते का? उगाच. दुसऱ्यावर ढकलायची सोय शोधतेय.

६ मार्च, गुरुवार

शेवटचा दिवस. खाली आवक विभागापुढे रांग होती. म्हातारी माणसं, प्लास्टिकच्या पिशवीत कागद. एक बाई शिपायाला विचारत होती, "हे खरंच कुणी वाचतं का हो?" मी जिन्यावरून पाहिलं. रांगेत आमच्या वस्तीतलं कुणी नव्हतं. असणार कसं? मीच सांगून आले होते, आकडा नियमाप्रमाणे आहे. आवकवही बघायला गेले नाही. आपल्या वस्तीचा एकही कागद नाही हे डोळ्यांनी बघायची हिंमत नव्हती.

साडेपाचला खिडकी बंद झाली. टिपणी माझ्या पर्समध्ये. मी गेले नाही.

एवढंच. मी गेले नाही.

७ मार्च, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. कायम करायचा कागद वर पाठवलाय. "निर्दोष काम," असा शेरा. माझ्यासमोरच वाचला. पेढे मागतात तसे हसत म्हणाले, "आता तरी चेहरा सोडा!"

थँक्यू सर म्हणाले.

९ मार्च, रविवार

घरी गेले. आज सांगायचंच म्हणून गेले होते.

बाबा मोरीची भिंत दुरुस्त करत होते, गुडघा लांब सोडून, बसल्या बसल्या. मी विटा हातात देत होते. चांगली वेळ होती. दादा बाहेर, वहिनी आणि चिमणी वरच्या भाडेकरणीकडे. म्हटलं, "बाबा, तो आकडा…"

"वीट दे."

दिली. त्यांनी ठोकून बसवली, ओळंबा लावून पाहिला, थोडी सरकवली. मग विचारलं, "हरकतीचे कागद येतात तुमच्याकडे, ते वाचतं कोण?"

"आम्हीच. ज्याने तक्ता केला त्यानेच अभिप्राय लिहायचा, अशी पद्धत आहे. मान्य की अमान्य, आणि का."

"म्हणजे तुझ्या तक्त्यावर कुणी बोललं तर तूच वाचणार?"

"हो."

"बरंय," म्हणाले. आणि, "माल घट्ट झालाय, पाणी आण."

पाणी आणलं तोवर चिमणी जिना उतरून आली होती. मग राहिलं. माझं नेहमीच काहीतरी राहतं, आणि नेहमी कुणीतरी आलेलंच असतं.

निघताना दादाला म्हटलं, चिमणीला हॉस्टेलवर माझ्याकडे ठेवू का? तो म्हणाला, "एका खाटेवर दोघी? आणि आम्हाला नको का ती?" रागाने म्हणाला नाही. त्यानेच जास्त लागलं.

१२ मार्च, बुधवार

हरकतींचे गठ्ठे टेबलावर आले. माझ्या तक्त्यावरच्या एकोणीस. सातवी आमच्या वस्तीची.

अर्ज लिहून देणाऱ्याचं अक्षर आहे, मजकूर त्याचा नाही. 'मी गवंडी आहे. मागील सहा वर्षांत या वस्तीत चौतीस घरांवर वरचे मजले मी स्वतः बांधले. यादी जोडली आहे. त्यातला एकही मजला रिकामा नाही. आकडा काढणारी माझी मुलगी आहे. ती लबाडी करणारी नाही. पण कुणी नाव ठेवू नये म्हणून घरच्यांचं ती कमी धरते. तिला दोष लावू नये. माणसं पुन्हा मोजावीत.'

खाली अंगठा. आवकचा शिक्का दहा फेब्रुवारीचा. मी 'नियमाप्रमाणे' म्हणाले, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

अभिप्राय: मान्य. कारणाला दोनच ओळी ठेवल्यात. पर्समधली टिपणी पुरवणी म्हणून जोडली.