गैरहजेरीचे कारण

६ जानेवारी
गाडी गावाबाहेरच अडवली. महिनाभर ताक पाजणारी हीच माणसं. माझी पेशंट कमलेश, तिची सासू सगळ्यात पुढे. "डॉक्टरनी, वापस जा. तेरी सुई नहीं चाहिए." कमलेशला सातवा महिना, हिमोग्लोबिन सहा. लोहाच्या पाच सलाईनपैकी दोनच झाल्यात. मी ओरडले, सासू त्याहून मोठ्याने. ड्रायव्हरने गाडी वळवली. गेले खड्ड्यात!

७ जाने.
कारण कळलं. दिल्ली बॉर्डरवर धरण्याला बसलेल्या शेतकऱ्यांच्या घरी पोलिसांच्या नोटिसा आल्या. बरोब्बर अकरा घरं, कमलेशचंही. यादी आमच्या प्रकल्पाची. म्हणजे माझीच. शेतातली माती आणि घरातल्या बायकांचं रक्त एकदमच तपासायचं, म्हणून घरोघर फॉर्म. त्यात एक रकाना: 'कुटुंबप्रमुख गैरहजर असल्यास कारण'. बाकीचे 'कामानिमित्त' लिहून मोकळे होतात. मी शहाणी. अकरा ठिकाणी 'धरने पर' लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

८ जाने.
माथुरसाहेबांशी भांडले. प्रकल्पप्रमुख म्हणे! "ऊपर से माँगा, दे दिया. भरा तो आपने ही है, मैडम." वर चहा विचारला. गावाच्या नावापुढे 'असहकार' असा शेरा मारून औषध दुसरीकडे पाठवताहेत. निघताना कपाटातून कमलेशचं औषध उचललं. चोरीच.
घरी नवरा, अजित: "नोकरी जाईल यार. बिल्कुल अक्कल नाही तुला." अक्कल असती तर 'कामानिमित्त' लिहिलं नसतं? जेवले नाही.

१० जाने.
माझा चौथा फोन कमलेशच्या सासूने उचलला. नोटिशीनंतर घराला कुलूप लावून सगळेच धरण्यावर गेलेत. "बहू भी यहीं है. हिम्मत है तो यहाँ आ." ठेवला. गरोदर पोरीला या थंडीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपवतात! काय म्हणावं या बाईला. आणि मला तरी काय

१२ जाने.
गाझियाबादहून रिक्षा, पुढे बॅरिकेडमधून चालत. दवाखान्याचा तंबू. आत कमलेश खाटेवर, ओठ पांढरे, दोन शब्द बोलली तरी धाप. बाहेर टेबलापाशी एक रिटायर्ड मास्तर, पुढ्यात जाड रजिस्टर. "नाम? दफ़्तर? किस काम से आईं?" मी म्हटलं, लिहायलाच हवं का? हे कोणाच्या हाती पडलं तर?
सासू आज पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली. "लिख. हमारे नाम तो बड़े साफ़ लिखे थे."
राग आला. तिचा नाही.
लिहिलं. पूर्ण नाव, हुद्दा, ऑफिस. कामाच्या रकान्यात 'सलाईन'. अक्षर नीटच आलं.
तिसरी सलाईन लागली. शेजारी स्टुलावर बसून हे लिहितेय. थेंब सावकाश पडतोय. उरल्या दोन, परवा पुन्हा यायचंय. सासू पाठ करून बसलीय. मास्तर टेबलावरून उठले, रजिस्टर तसंच उघडं आहे, आणि बाहेर कोणीतरी विचारतंय की आज कोण कोण आलंय