सामुराईचा खेळ आणि तळहातावरचं लिंबू

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या बुलढाण्यात टीव्ही नव्हता, म्हणून आधी तेच सांगावं लागतं. घरातल्या घरात सिनेमा दिसणारी एक पेटी असते. आता ती पेटीही राहिली नाही, भिंतीवर टांगलेली पाटी झाली आहे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पाय उशीवर ठेवून बसा असं डॉक्टरनं सांगितलं, आणि माझ्याकडे लक्ष द्यायला माझी नात पुण्याहून आली. येताना तिनं एक यंत्र आणलं. ते टीव्हीला जोडलं की पडद्यावर एक जपानी योद्धा उभा राहतो. त्याला सामुराई म्हणतात. माझ्या हातात बटणांचा ठोकळा असतो, मी बटण दाबलं की तो तलवार चालवतो. तुमचा मुलगा, म्हातारा झालेला, दिवसभर पलंगावर बसून तलवार खेळतो. तुम्ही काय म्हणाला असता ते मला ऐकू येतं, तेव्हा ते राहू द्या.

नात रोज विचारते, "आजोबा, कसा वाटतो गेम?" आणि मी रोज चिडून काहीतरी सांगतो. कारण मला तो नुसता खेळता येत नाही. शाळेत ड्रिल मास्तर असलेल्या माणसाचा मी मुलगा. त्या माणसानं मला रोज सकाळी अंधार असताना उठवून मैदानात नेलं आणि माझ्या हातात दांडपट्टा चढवला. कोपरापर्यंत हात झाकणारी ती लोखंडी मूठ, तिच्यापुढे लवणारं ते लांब पातं. थंडीत ते लोखंड हाताला चावायचं. खेळ म्हणून तलवारीकडे बघायला मला कोणी शिकवलंच नाही.

तरी चांगलं ते चांगलं म्हणतो. या खेळात थांबता आलं पाहिजे. समोरचा वार करण्याआधी त्याचा खांदा जरासा उचलतो, तेवढं दिसलं की आपण त्याचा वार अडवायचा आणि मग आपला टाकायचा. घाई केली की मेलो. हे तुमचंच शिकवणं आहे. "पात्याकडे काय पाह्यतं, खांद्याकडे पाह्य," असं म्हणत तुम्ही माझ्या नडगीवर छडी मारायचे. मला काही ते जमलं नाही. इथं आठवड्याभरात जमलं. का, तर इथं मेलो की सामुराई पुन्हा त्याच जागी उभा राहतो आणि कोणी एक अक्षर बोलत नाही. मला याचाच राग येतो. तुम्हाला एकदा तरी गप्प बसून 'पुन्हा कर' म्हणता आलं नसतं का? चुकलो की तुम्ही पट्टा काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "जाय, पाणी भर." पाणी भरून कोणाला तलवार आली आहे?

आता वाईट काय ते ऐका, तुम्हाला बरं वाटेल. दहा दुश्मन समोर असतात, पण ते एकेक करून येतात. बाकीचे रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखे आपला नंबर येईपर्यंत तलवार उपसून उभे. सामुराईला दम लागत नाही. माझा उजवा खांदा अजून थंडीत दुखतो, त्याचा काही दुखत नाही. पोटात वार बसला तर कमरेच्या भोपळ्याच्या तुंबडीतलं काहीतरी पितो आणि चालू लागतो. आणि लढाई सोडून याला कामं किती. मुलूख जळतो आहे, आणि एक म्हातारी त्याला सांगते की माझी मांजर हरवली, शोधून दे. मी शोधायला गेलो. अर्धी दुपार बर्फात फिरलो. नात म्हणाली, "आजोबा, ते नाही केलं तरी चालतं."

"मग ठेवलं कशाला?"

"खेळ मोठा वाटावा म्हणून."

मी तिला म्हणालो की तलवारीच्या खेळात मांजर शोधायला लावणं म्हणजे जेवायला बोलावून भांडी घासायला लावणं. ती हसली. मी हसलो नाही. माझं खरं दुखणं वेगळं आहे. या खेळात मी किती माणसं कापली कोण जाणे, आणि त्यातला एकही कोणाचा कोणी नाही. मला तर पट्टा आठवला की आधी एक तळहात आठवतो, तुमचा.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मॅट्रिकला आहे. आपण एस.टी.नं घाट उतरून वडनेरला चाललो आहोत, तिथल्या जत्रेत आपले खेळ आहेत. सोबत धार लावणारे चाचा, तुमचे जिवाचे दोस्त. पट्टे गोधडीत गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतले आहेत. गाडीतच तुम्ही मला सांगता की आज लिंबू मी कापायचं. तळहातावर ठेवलेलं लिंबू पट्ट्यानं दोन करायचं आणि पातं कातडीवर थांबवायचं. आजवर चाचा कापायचे, हात तुमचा असायचा. मी विचारलं, "मीच काऊन?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मी सांगून राह्यलो म्हणून."

वडनेरला पोचल्यावर सकाळी देवळामागे तालीम झाली. गावातली माणसं बघायला जमली होती, विहिरीवर बायका होत्या. माझा एक वार ढिला पडला. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या हातातून पट्टा ओढून घेतला आणि म्हणालात, "म्हशी हाकून राह्यला का बे?" माणसं हसली. विहिरीवरच्या बायकाही हसल्या. मी त्या दिवशी जेवलो नाही. तुम्ही जेवलात, वरून भाकरी मागून घेतलीत.

संध्याकाळी डफडं वाजायला लागलं. चार-पाच खेळ झाले, आणि तुम्ही मधोमध गुडघ्यावर बसून हात पुढे केला. चाचांनी तळहातावर लिंबू ठेवलं. मी पट्टा उचलला. वर नेला. तुम्ही माझ्याकडे बघतही नव्हता, समोर कुठंतरी बघत होता, जणू घरात बसून आहात. मी पट्टा खाली आणला, हातातून काढला आणि जमिनीवर ठेवला.

"उचल," तुम्ही हळूच म्हणालात.

"मले जमत नाही."

"उचल म्हणतो ना."

मी उभा राहिलो. मागून कोणीतरी शिटी मारली. तेव्हा चाचा पुढे आले, "रहने दे मास्टर, पोराचं मन नाही आज," म्हणाले, त्यांनी पट्टा चढवला आणि एका झटक्यात लिंबाचे दोन तुकडे केले. टाळ्या पडल्या. तुम्ही हात धोतराला पुसला आणि उठलात.

परतीच्या गाडीत तुम्ही विचारलंत, "कापला असता तर माझा हात कापला असता. तुले काय झालं होतं?"

मी म्हणालो, "हात थरथरून राह्यला होता."

तुम्ही नुसतं "हं" केलंत. त्यानंतर मला कधी लिंबू कापायला सांगितलं नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये मी शिकायला अकोल्याला गेलो. पण घरात ती गोष्ट राहिली. लग्नकार्यात चार माणसं जमली की तुम्ही सांगायचे, "आमचा गडी लिंबाले घाबरला." तुम्ही हसत सांगायचे, आणि मी ताटात बघत जेवायचो. तुम्ही गेल्यावरही पाहुणे सांगतात. माझ्या बायकोनं ती गोष्ट नातीलाही सांगितली आहे.

काल नात माझ्या शेजारी बसून माझा खेळ बघत होती. एक दांडगा योद्धा मला सारखा मारत होता, मग मी चिडलो आणि त्याला एका दमात खाली पाडलं. ती म्हणाली, "आजोबा, तुमचं उलटं आहे. सगळे चिडले की चुकतात. तुम्ही घाबरलात की चुकता. चिडलात की तुमचा एकही वार वाया जात नाही, हात दगडासारखा होतो."

मी तिला चहा करायला पाठवलं आणि टीव्ही बंद केला.

आज ती बाजारात गेली आहे तेवढ्यात हे लिहितो आहे. ती आली की कागद फाडावा लागेल, कारण ती विचारील कोणाला लिहिलं, आणि सांगितलं तर काय लिहिलं ते विचारील. तुमची ती लिंबाची गोष्ट बरोबर नाही, बाबा, आणि ती तशी मीच तुम्हाला दिली. त्या दिवशी वडनेरला माझा हात थरथरत नव्हता. सकाळपासूनचा राग अंगात होता, आणि हात इतका स्थिर मी पुढे कधी पाहिला नाही. हाताची मला पूर्ण खात्री होती. माझी नव्हती.